शहरातल्या गच्चीवरून तेजोमेघ: नॅरोबँड फिल्टर घ्यावेत का, आणि घेतल्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात चार मजली इमारतीची गच्ची, ८० मि.मी. एफ/६ ची ईडी डब्लेट (दोन भिंगांची) दुर्बीण (नाभीय अंतर ४८० मि.मी.), गाइडिंग (ताऱ्याचा माग धरून चुका सुधारणारी जोडणी) लावलेलं विषुववृत्तीय माउंट आणि बदल न केलेला डीएसएलआर. मृगातला मोठा तेजोमेघ बरा येतो, पण रोझेट किंवा नॉर्थ अमेरिका या मंद तेजोमेघांच्या जागी नुसतं चहाच्या रंगाचं पाणी दिसतं. नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचा फक्त अरुंद पट्टा आत सोडणारे) घ्यावेत का, कोणते, आणि एक्स्पोजर किती द्यावं?

घ्यावेत. पण फिल्टर लावल्याने तेजोमेघ जास्त उजळ येईल ही अपेक्षा आधी सोडून द्या. तेजोमेघाचा प्रकाश उलट थोडा कमीच होतो. कमालीचं कमी होतं ते आकाश. उत्सर्जन तेजोमेघ आपला बहुतेक प्रकाश मोजक्या रेषांमध्ये ओततो: हायड्रोजनची एच-आल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची ओ-३ ५००.७ ला (तिची धाकटी बहीण ४९५.९ ला, साधारण एक तृतीयांश ताकदीची), आणि गंधकाची एस-२ ही जोडी ६७१.६ आणि ६७३.१ ला. रस्त्यावरच्या एलईडीचा प्रकाश मात्र निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. ३०० नॅनोमीटरच्या पट्ट्याऐवजी ३ नॅनोमीटरची फट ठेवली की शहराचा उजेड ढोबळमानाने शंभरावा हिस्सा उरतो आणि एच-आल्फा जवळजवळ पूर्ण आत येतो. सगळा फायदा एवढ्याच हिशोबात आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणीही त्यातूनच निघतात. आकाश काळं झालं की कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट, फोकसची चूक आणि कुठून तरी झिरपणारा उजेड, म्हणजे आजवर चहाच्या पाण्यात बुडालेलं सगळंच वर येतं.

सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात ५८९ च्या आसपासचा पट्टा कापणारे ‘प्रकाश प्रदूषण फिल्टर’ चांगलं काम करायचे. पांढऱ्या एलईडीपुढे ते बहुतांशी निकामी आहेत. दुकानदार अजून विकतात, तरी त्यात पैसे घालू नका.

आणि नॅरोबँड कुठे चालत नाही तेही ऐकून ठेवा. दीर्घिका आणि कृत्तिकांभोवतीची निळी धूळ यांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे अखंड वर्णपटाचा असतो. फिल्टर तोही शहराच्या उजेडाइतकाच कापतो, त्यामुळे हाती काही लागत नाही. (दीर्घिकांमधले लाल एच-आल्फाचे ठिपके हा अपवाद.) गडद तेजोमेघांचंही तेच. ट्रिफिड तेजोमेघाचा लाल भाग सुंदर येईल, निळा भाग येणार नाही. त्यासाठी शहराबाहेरच जावं लागतं.

कॅमेरा आधी, फिल्टर नंतर

बदल न केलेल्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे जी इन्फ्रारेड काच असते, ती एच-आल्फाचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडते. त्यात रंगीत सेन्सरच्या चार पिक्सेलमधला एकच लाल. म्हणजे पावाचा पाव. त्यावर एच-आल्फा फिल्टर लावणं म्हणजे पिंपातलं पाणी चमच्याने उपसणं. शिवाय एप्रिलच्या रात्री हवा २७ अंशांवर असताना पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये न थंड केलेला सेन्सर स्वतःच्या उष्णतेनेच लाल-निळे ठिपके पेरतो.

तुमच्यापुढे खरे दोन रस्ते आहेत. पहिला: थंड केलेला रंगीत कॅमेरा (उदा. झेडडब्ल्यूओ ५३३ एमसी) आणि एकच दुपट्टा फिल्टर, जो एच-आल्फा आणि ओ-३ एकदम आत घेतो. ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीम ७ नॅनोमीटरचा, अँटलिया एएलपी-टी ५ चा, एल-अल्टिमेट ३ चा. मांडणी सोपी, रात्र वाया जात नाही, आणि एच-आल्फा लाल पिक्सेलमध्ये तर ओ-३ हिरव्या-निळ्यामध्ये, म्हणजे चारपैकी तिघांमध्ये पडतो. दुसरा: मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा (५३३ एमएम किंवा मोठा २६०० एमएम), फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी फिरती चकती) आणि तीन वेगळे फिल्टर. खर्च जास्त, प्रत्येक पिक्सेल कामाला.

ईडी डब्लेटवाल्याला दुसरा रस्ता जास्त फळतो, आणि त्याचं कारण बऱ्याचदा कुणी सांगत नाही. डब्लेट सहसा ६५६ आणि ५०१ नॅनोमीटर तंतोतंत एकाच बिंदूवर आणत नाही. मोनोमध्ये प्रत्येक फिल्टरला स्वतंत्र फोकस करता येतो, त्यामुळे साधी डब्लेटही त्या त्या रेषेत टाचणीच्या टोकाएवढे तारे देते. दुपट्टा फिल्टरमध्ये मात्र तुम्ही लालमध्ये फोकस केला की ओ-३ चे तारे फुगतात आणि ताऱ्यांभोवती निळसर कडी दिसते. बरेच जण हा फिल्टरचा दोष समजून फिल्टर परत करतात. दोष भिंगाचा असतो.

मोनो घेणार असाल तर तीनही फिल्टर एकदम घ्यायची गरज नाही. आधी एच-आल्फा. नुसत्या एच-आल्फाचं कृष्णधवल चित्र हे स्वतःच पूर्ण चित्र असतं. मग ओ-३. एस-२ सर्वांत शेवटी: बहुतेक तेजोमेघांमध्ये तो क्षीण असतो आणि त्याची मुख्य कमाई रंग वेगळा करण्यात असते.

फिल्टरचा आकार सेन्सरवरून ठरवा. ५३३ चा सेन्सर ११.३ मि.मी. चौरस, त्याला सव्वा इंची फिल्टर पुरतो. २६०० चा कर्ण २८ मि.मी. च्या वर जातो, त्याला ३६ मि.मी. किंवा दोन इंची लागतो. इथे बचत केली की चारही कोपरे काळे.

रुंदी ७ की ३ नॅनोमीटर? आकाशाचा उजेडच मुख्य गोंगाट असेल (शहरात ओ-३ मध्ये तो असतोच), तर ७ वरून ३ वर आल्याने आकाश २.३ पट कमी होतं. म्हणजे तेच चित्र मिळवायला एक्स्पोजरही २.३ पट कमी लागतं. हा फरक बोर्टल ८-९ च्या (आकाशाच्या उजेडाच्या मापावर सर्वांत उजळ टोकाच्या) गच्चीवर फार मोठा आहे. पैसे एकाच अरुंद फिल्टरपुरते असतील तर ते ओ-३ वर लावा, एच-आल्फा ७ चा चालेल. (७ चा एच-आल्फा शेजारची ६५८.४ ची नायट्रोजनची रेषाही आत घेतो. त्याने बिघडत काही नाही, ग्रहीय तेजोमेघांमध्ये तर उलट फायदाच होतो.)

एक पथ्य मात्र वेगवान (कमी एफ-आकड्याच्या) दुर्बिणींसाठी. किरण तिरपे आले की फिल्टरची फट निळ्याकडे सरकते. एफ/६ ला कडेच्या किरणांसाठी हे सरकणं अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असतं, एफ/४ ला सव्वा, आणि एफ/२ ला जवळजवळ पाच. ३ नॅनोमीटरचा फिल्टर मध्यापासून दीड नॅनोमीटरवरच संपतो. म्हणून एफ/२ च्या रासा किंवा हायपरस्टार अशा अतिवेगवान मांडण्यांवर साधा ३ चा फिल्टर लावला तर तेजोमेघच बाहेर राहतो. त्यांच्यासाठी फट आधीच लालकडे सरकवून केलेले वेगळे फिल्टर मिळतात. तुमच्या एफ/६ ला ही चिंता नाही.

फिल्टरची जाडी विसरू नका. काच फोकस स्वतःच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे ढकलते. फ्लॅटनरला (कडेचे तारे सरळ करणाऱ्या भिंगाला) कॅमेऱ्यापर्यंत ५५ मि.मी. अंतर हवं असेल आणि फिल्टर २ मि.मी. चा असेल, तर मोजून ५५.७ मि.मी. ठेवा.

एक्स्पोजर किती

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते मिसळतात: एक सब (म्हणजे एकेक सुटं एक्स्पोजर) किती लांब, आणि एकूण किती तास.

एका सबची लांबी एवढीच हवी की आकाशाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या वाचन-गोंगाटावर (सेन्सर वाचताना भर पडणाऱ्या गोंगाटावर) मात करेल. व्यवहारातला नियम: एका पिक्सेलमध्ये आकाशाकडून येणारे इलेक्ट्रॉन वाचन-गोंगाटाच्या वर्गाच्या दहापट व्हावेत. ५३३ आणि २६०० ला गेन (संकेत वाढवण्याची पातळी) १०० वर वाचन-गोंगाट दीड इलेक्ट्रॉनच्या आसपास आहे. वर्ग २.२५, दहापट म्हणजे साडेबावीस इलेक्ट्रॉन. याच गेनवर १६ बिट फाइलमधलं एक एकक साधारण पाव इलेक्ट्रॉनाचं असतं. म्हणजे सबचा मध्यक डार्कच्या (टोपण लावून घेतलेल्या सबच्या) मध्यकापेक्षा सुमारे ९० एककांनी वर गेला की पुरे.

हे गच्चीवर पाच मिनिटांत तपासता येतं. निशाण्यावर ३०० सेकंदांचा एक सब घ्या, त्याच तापमानाचा आणि गेनचा ३०० सेकंदांचा डार्क शेजारी ठेवा, दोन्हींचा मध्यक वाचा. समजा ६२० आणि ५००. फरक १२०, म्हणजे ३० इलेक्ट्रॉन: पुरेसं आहे, याहून लांब सबचा उपयोग नाही. फरक ४० निघाला तर दहा मिनिटांवर जा, माउंट झेपवत असेल तर. नसेल झेपवत तर पाचवरच राहा आणि थोडे जास्त सब घ्या. लंबवर्तुळाकार ताऱ्यांच्या दहा मिनिटांपेक्षा गोल ताऱ्यांची पाच केव्हाही बरी. ७ नॅनोमीटरला दोन ते पाच मिनिटं आणि ३ ला पाच ते दहा, असा अंदाज शहरात बहुधा जुळतो.

मुद्दा सबचा दुय्यम, एकूण वेळेचा मुख्य. गोंगाट वर्गमुळाने घटतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट. दोन तासांचं चित्र दुप्पट चांगलं करायला आठ तास लागतात, आणि त्याच्याही दुप्पट चांगलं करायला बत्तीस. म्हणून एका रात्री चार वस्तू टिपण्यापेक्षा चार रात्री एकच वस्तू. ही शिस्त अंगवळणी पडली नाही तर कितीही महाग फिल्टर आणला तरी चित्रं दाणेदारच राहतात.

गेन १०० च का? या दोन्ही सेन्सरमध्ये तिथे वाचन-गोंगाट एकदम खाली उतरतो आणि उजळ ते मंद यांतला पल्ला (डायनॅमिक रेंज) फारसा घटत नाही. ऑफसेट (शून्य-पातळी) निर्मात्याने दिलेला ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. तापमानाचं भान मात्र ठेवा. हे कॅमेरे हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जातात. पुण्यात जानेवारीत उणे १० सहज मिळतं. मेमध्ये तोच हट्ट धरला तर कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकत राहतो आणि तापमान हलतं. उन्हाळ्यात ० अंश ठेवा. डार्कचे दोन संच, प्रत्येकी ३० फ्रेम, पावसाळ्यात बसून बनवा आणि वर्षभर वापरा.

आपल्या अक्षांशाची देणगी आणि दुखणं

आंतरजालावरचे बहुतेक सल्ले चाळीस-पन्नास अक्षांशावर बसून लिहिलेले असतात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. त्याने बऱ्याच गोष्टी बदलतात.

ध्रुव तारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या शेजारच्या इमारतीमागे किंवा पाण्याच्या टाकीआड. तो दिसलाच पाहिजे असं नाही. ‘नीना’ या मोफत प्रणालीत तीन बिंदूंवरून ध्रुवीय जुळवणी करणारं प्लगिन आहे: आकाशाच्या उघड्या भागात तीन फोटो, प्लेट-सॉल्व्ह (ताऱ्यांवरून चौकट ओळखणं), आणि स्क्रीनवर चूक किती कलांची (अंशाच्या साठाव्या भागांची) ते आकड्यात. एक-दोन कलांच्या आत आणा आणि थांबा. शून्यासाठी अर्धी रात्र घालवू नका, बाकीचं गाइडिंग सांभाळतं. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटांची काउंटरवेटची दांडी ट्रायपॉडच्या पायाला किंवा पुढच्या बोल्टला आपटते. पहिल्यांदा दिवसा, हाताने फिरवून पाहा.

देणगी मोठी आहे. लगूनचा तेजोमेघ (उणे २४ अंश) लंडनहून १४ अंशांवर रांगतो, पुण्याहून ४७ वर चढतो. विंचवाच्या नांगीजवळचे एनजीसी ६३३४, ज्याला मांजरीचा पंजा म्हणतात, आणि शेजारचा एनजीसी ६३५७ इथून ३५ अंशांच्या वर जातात. दोन्ही एच-आल्फात प्रखर. कॅरिना तेजोमेघ मात्र पुण्याहून १२ अंशांच्या आतच राहतो. एवढ्या धुरकट हवेतून ओ-३ फारसा पोचत नाही, हौस म्हणून एच-आल्फा घ्या.

दुखणं म्हणजे पाऊस. हंस आणि धनू मध्यरात्री माथ्यावर येतात नेमके जून ते ऑगस्टमध्ये. त्यामुळे लगून, ईगल, स्वान हे मार्च ते मेच्या पहाटेचे पाहुणे: मेच्या सुरुवातीला लगून पहाटे चारच्या सुमाराला याम्योत्तरावर (दक्षिणोत्तर रेषेवर, सर्वांत उंच) असतो आणि पाऊण तासात आकाश उजळू लागतं. नॉर्थ अमेरिका आणि व्हेल (म्हणजे बुरखा) पाऊस ओसरताच, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, अंधार पडल्यापासून तीन-चार तास. दिवाळीच्या आठवड्यात ओ-३ च्या नादाला लागू नका. धुरात निळा-हिरवा प्रकाश सर्वांत जास्त पसरतो. एच-आल्फा तेवढा तग धरतो.

चंद्राचंही तसंच. एच-आल्फा आणि एस-२ चांदण्यात चालतात, चंद्रापासून ५०-६० अंश दूर राहा म्हणजे झालं. ओ-३ साठी अमावास्येच्या आसपासचे दिवस राखून ठेवा. पौर्णिमेला घेतलेला ओ-३ नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

गच्चीचं थोडं. ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर ठेवला तर तुमच्या प्रत्येक पावलाला तारा हलतो. कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर ठेवा. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफाळत असतो, संध्याकाळी पाणी मारलं तर फरक पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव पडतं, कोकणात तर बारा महिने, म्हणून भिंगाला आणि गाइडस्कोपला हीटरची पट्टी हवीच. वीज जाणार नाही या भरवशावर राहू नका. थंड कॅमेरा, माउंट, हीटर आणि छोटा संगणक मिळून १२ व्होल्टला साधारण ६ अँपिअर घेतात, आठ तासांना ४८ अँपिअर-तास. ८०-१०० ची लिथियम फॉस्फेट बॅटरी निवांत पुरते. वायर मात्र जाड घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की माउंट ऐन वळणावर अडखळतं आणि दोष गाइडिंगवर येतो.

एक रात्र, रोझेट

१० जानेवारीच्या आसपासची रात्र धरा. रोझेट काक्षीच्या (बीटलज्यूसच्या) पूर्वेला, विषुवांश सहा तास बत्तीस मिनिटं, क्रांती अधिक पाच. पुण्यात तो रात्री अकरा पन्नासच्या सुमाराला याम्योत्तर ओलांडतो आणि आधी-नंतर चार-चार तास ३० अंशांच्या वर असतो. म्हणजे पावणेआठ ते पावणेचार, पूर्ण आठ तास. तेजोमेघ सव्वा अंशाहून थोडा मोठा आणि ४८० मि.मी. वर ५३३ ची चौकट १.३५ अंश, जेमतेम मावतो. ०.८ चा रिड्यूसर असेल तर लावा, चौकट १.७ अंशांची होते.

सुरुवात एस-२ ने, तेजोमेघ पूर्वेला खाली असताना: पाच मिनिटांचे २४ सब. दहाच्या सुमारास ओ-३ वर या, ३६ सब. दुबळी आणि हवेत सर्वांत जास्त विखुरणारी रेषा वस्तू उंचावर असताना घ्यायची, शिवाय मध्यरात्रीनंतर शहरातल्या जाहिरातींचे दिवेही कमी होतात. मध्येच मेरिडियन फ्लिप (याम्योत्तर ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटणं) येईल, त्यानंतर पुन्हा फोकस. शेवटी उतरत्या रोझेटवर एच-आल्फाचे २४. एकूण सात तास. उरलेला तास फ्लिप, फोकस आणि डिदरिंग (सबांच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) खातात. दर दोन-तीन सबनंतर ५ ते १० पिक्सेल डिदर करा. न केल्यास काय होतं ते खाली येईलच.

फोकस फिल्टर बदलताना प्रत्येक वेळी, आणि एरवी दर दोन अंश तापमान बदलाला. हा सोवळ्याओवळ्याचा भाग नाही. नुसती अॅल्युमिनियमची नळी घेतली तरी ४८० मि.मी. लांबी १० अंशांच्या उताराने ०.११ मि.मी. आखडते, आणि एफ/६ ला फोकसची सूट जवळपास तेवढीच असते. जानेवारीत संध्याकाळ ते पहाट दहा-बारा अंश सहज उतरतात. मोटर नसेल तर बाह्तिनोव्ह मास्क (फोकस दाखवणारी जाळीदार टोपी) घेऊन काक्षीवर जा. काक्षी लाल म्हणून एच-आल्फात भरपूर प्रकाश देतो, ओ-३ साठी व्याध बरा.

गाइडिंगची चूक तुमच्या पिक्सेलच्या मापापेक्षा कमी हवी. ४८० मि.मी. ला ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल १.६ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे १ विकलेच्या आत पुरे. अर्ध्या विकलेसाठी जीव टाकू नका, तुमच्या गच्चीवरची हवाच तेवढी हलते.

फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या पाटीवर घेतलेल्या फ्रेम) प्रत्येक फिल्टरचे वेगळे, २५-३० फ्रेम, कॅमेरा न फिरवता. मोबाईल किंवा ट्रेसिंगच्या पाटीवर एक गोची आहे: त्यांच्या एलईडीत ६७२ नॅनोमीटरचा लाल जवळजवळ नसतो, त्यामुळे एस-२ चा फ्लॅट ओ-३ पेक्षा कितीतरी लांब लागतो. एकच वेळ तिन्हींना लावू नका. पाटी मंद करण्यासाठी ब्राइटनेस घटवू नका, दिवा लुकलुकायला लागतो आणि फ्लॅटमध्ये आडवे पट्टे उमटतात. पूर्ण उजेडावर ठेवून वर पांढऱ्या सुती कापडाचे दोन पदर टाका आणि एक्स्पोजर दोन सेकंदांच्या वर न्या. त्याच लांबीचे डार्क-फ्लॅटही घ्या.

संगणकावर

मोफत साधनांत सगळं होतं: स्टॅकिंगला (सब एकावर एक रचायला) सिरिल, आकाशाचा चढउतार काढायला ग्रॅक्स्पर्ट, तारे वेगळे करायला स्टारनेट. रंगीत कॅमेरा आणि दुपट्टा फिल्टर असेल तर सिरिलमध्ये एच-आल्फा आणि ओ-३ वेगळे काढणारी तयार स्क्रिप्ट आहे, तीच वापरा. नेहमीची रंगीत स्क्रिप्ट चालवून मग रंग ओढत बसू नका.

क्रम असा ठेवा: प्रत्येक फिल्टरचा स्टॅक, तिन्ही एकमेकांवर जुळवून कडा छाटणं, प्रत्येकाचा चढउतार वेगवेगळा काढणं, तारे काढणं, मग प्रत्येकाला स्वतंत्र ताणणं (मंद भाग उजळवणं). ओ-३ ला एच-आल्फाएवढ्या उजळपणावर आणावं लागतं, आणि सगळा दाणा तिथेच दिसतो. म्हणून गोंगाट कमी करणं ओ-३ आणि एस-२ वर जोरात, एच-आल्फावर हलक्या हाताने. मग जोडणी. एस-२ लाल, एच-आल्फा हिरवा, ओ-३ निळा ही मांडणी हबलच्या १९९५ च्या ईगल तेजोमेघातल्या खांबांच्या चित्राने घराघरात पोचवली. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांचं ते काम. रंग अर्थातच नेमून दिलेले आहेत: खरा एस-२ आणि खरा एच-आल्फा डोळ्याला सारखेच लाल. एस-२ नसेल तर एच-आल्फा लाल आणि ओ-३ हिरवा-निळा दोन्ही. रोझेट आणि व्हेलला ही मांडणी फार शोभते.

या मांडणीत तारे जांभळे का होतात, हे नेहमी विचारलं जातं. दुबळे एस-२ आणि ओ-३ जास्त ताणले, त्यांच्याबरोबर त्यांतले तारेही ताणले गेले, हिरव्यातले तारे मागे राहिले. उपाय सोपा: तारे नॅरोबँडमधून घ्यायचेच नाहीत. लाल, हिरवा, निळा अशा साध्या फिल्टरमधून प्रत्येकी ३० सेकंदांचे २० सब घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तेच तारे शेवटी वर ठेवा. एच-आल्फाला ल्युमिनन्स (उजळपणाचा थर) म्हणून अख्ख्या चित्रावर चढवण्याचा मोह आवरा. ओ-३ चा आकार एच-आल्फापेक्षा वेगळा असतो, आणि तो त्यात पुसला जातो.

काय बिघडतं

ओ-३ मध्ये काहीच दिसत नसेल तर आधी वस्तू तपासा. घोड्याच्या डोक्यामागची लाल पार्श्वभूमी जवळजवळ निव्वळ हायड्रोजन आहे, तिथे वीस तास देऊनही ओ-३ मिळणार नाही. ओ-३ शिकायचा तर व्हेल, डंबेल, हेलिक्स किंवा थॉरचं शिरस्त्राण घ्या. हेलिक्स उणे २१ अंशांवर आहे, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडून छान उंच येतो.

तेजस्वी ताऱ्याभोवती गोल फिकट चकती आली, तर ते फिल्टर आणि सेन्सरच्या काचेमधलं परावर्तन. आधी फिल्टर उलटा करून पाहा, आरशासारखी चकाकणारी बाजू दुर्बिणीकडे हवी. तरीही राहिली तर फिल्टरचं लेपन सुमार आहे. नवा फिल्टर आला की मृगाच्या पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्यावर पाच मिनिटं देऊन बघा आणि परत करायच्या मुदतीतच निर्णय घ्या.

पार्श्वभूमीवर तिरक्या पावसासारख्या रेघा: डिदर केलं नाही, आणि गाइडस्कोप व मुख्य दुर्बीण एकमेकांपासून किंचित वाकत आहेत. डिदर सुरू करा, गाइडस्कोपच्या कड्या घट्ट करा. चारही कोपऱ्यांत तारे ओढलेले असतील तर फ्लॅटनरचं अंतर चुकलंय, अर्ध्या मि.मी. च्या चकत्यांनी दुरुस्त करा. एकाच कोपऱ्यात असतील तर कॅमेरा तिरका बसलाय. सगळीकडे एकाच दिशेला लांबलेले असतील तर गाइडिंग.

फ्लॅट लावल्यावर कडा उलट उजळ झाल्या, तर बहुधा उजेडाची गळती आहे. नॅरोबँडमध्ये ती फार जाचते, कारण खरा प्रकाशच मूठभर असतो. दुर्बिणीला टोपण लावून, अंधारात, पाच मिनिटांचा सब चालू ठेवा आणि फिल्टर व्हीलच्या जोडावर, फोकसरच्या सांध्यावर टॉर्च फिरवा. टॉर्चशिवायच्या सबशी ताडून पाहा. मध्यक हलला तर भोक तिथेच. काळी चिकटपट्टी लावून हा आजार दहा मिनिटांत बरा होतो. माउंटवरचे आणि पॉवर बॉक्सवरचे लाल दिवेही झाका.

पावसाळ्याचे चार महिने फिल्टर आणि भिंगं ड्राय कॅबिनेटमध्ये ४०-४५ टक्के आर्द्रतेवर ठेवा. नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेलचे दाणे रंग बदलले की परत भाजून घ्या. बुरशी फिल्टरच्या कडेपासून आत सरकते आणि सुरुवातीला फ्लॅटमध्ये धुळीसारखीच दिसते. धूळ फुंकरीने जागा बदलते. ठिपका जागचा हलला नाही तर फिल्टर काढून तिरप्या उजेडात बघा.